देवघराचं बटण

"काकू, बटण उजवीकडं घेऊया की. सगळ्यांच्या घरात उजवीकडंच असतंय."

दस्तगीर मुल्लाच्या हातात खडू होता. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा हा वायरमन. माझी बायको मालन ओट्याजवळ स्टुलावर बसली होती. त्या दिवसांत तिला फार वेळ उभं राहवत नसे. मी दारात उभा राहून दोघांचं ऐकत होतो.

"उजवीकडं गॅस आहे," मालन म्हणाली. "वाफ लागून बटण चिकट होतं. डावीकडं घे."

"गॅस काय, थोडा सरकवायचा."

"गॅस सरकवायला बोलावलंय का तुला?"

दस्तगीर हसला आणि ओट्याच्या डाव्या बाजूला भिंतीवर फुली मारली. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, तुम्ही तरी बोला."

"मी चाळीस वर्षं बोललो नाही," मी म्हणालो. "आता काय बोलू?"

मालनला बरं वाटलं की मलाही बरं वाटायचं. ती तोंडावर पदर धरून हसली. मग तिला एकदम आठवण झाली. "अहो, चहा पावडर संपलीय. ह्याला चहा द्यायचा म्हणजे आणायला पाहिजे." मी पिशवी घेऊन बाहेर पडलो. परत आलो तोवर घरभर भिंतींवर खडूच्या फुल्या झाल्या होत्या आणि दस्तगीर देवघरासमोरून चपला पायात सरकवत बाहेर येत होता.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमचं घर कोल्हापूरजवळ उचगावला आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं बाथरूम, आणि खोल्यांमधून बाथरूमपर्यंत जाणारा एक लांबट बोळ. मी एका कारखान्यात टर्नर होतो. निवृत्त होऊन थोडे दिवस झाले होते, तेवढ्यात मालनचं पोट दुखायला लागलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी सुधीरला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. सुधीर आमचा मुलगा, पुण्याला नोकरीला. मालन बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, पसरली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. किती दिवस, असं सुधीरनं विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. "येणारा उन्हाळा बघतील असं वाटत नाही," एवढंच म्हणाले.

केबिनच्या दाराशी सुधीरनं माझा दंड धरला. "बाबा, आईला सांगायचं नाही. ती धीर सोडेल."

आमच्याकडं असंच करतात. दुखणं मोठं असलं की ज्याचं दुखणं त्यालाच सांगत नाहीत. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हेच केलं होतं, आणि माझ्या वडिलांनी त्यांच्या वडिलांच्या वेळी. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

"काय म्हणाले?" मालननं विचारलं.

"पित्ताशयाला सूज आहे," सुधीर म्हणाला. "औषधानं उतरेल. वेळ लागेल जरा."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

घरी आल्यावर काही दिवसांनी तिनं दिव्यांचं काढलं. ट्यूबचा उजेड डोळ्यांत खुपतो म्हणाली. शेजारच्या कॉलनीत तिच्या मैत्रिणीच्या घरी तिनं एलईडीच्या पट्ट्या बघितल्या होत्या. फडताळाखाली लावलेल्या, दिसायला नुसती उजेडाची रेघ, आणि बटण फिरवलं की कमी-जास्त होणाऱ्या. "तसं आपल्याकडं करायचं," ती म्हणाली. "नवरात्राच्या आत."

सुधीरला फोनवर सांगितलं तर तो चिडला. "आता हे कशाला बाबा? घरात धूळ, ठोकाठोकी. आईला विश्रांती पाहिजे."

"नको म्हटलं तर ती विचारेल, का नको. मग काय सांगू?"

"करा मग," तो म्हणाला. " तिला कळता कामा नये, एवढंच बघा."

तेवढंच मी बघत होतो. गोळ्यांची पाकिटं मी बाहेर फेकून गोळ्या वाटीत देत असे. कुणी भेटायला आलं तर दारातच त्याला खूण करत असे. आणि दस्तगीरला काही कळू द्यायचं नाही हेही ठरवलं होतं. तो मनानं चांगला, पण तोंडाला झाकण नसलेला माणूस.

काम सुरू झालं. दस्तगीरनं भिंतीत खाच पाडून पाइप टाकले, वायरी ओढल्या. तो चढायचा तो शिडीचा घोडा धरून मी उभा राहायचो. मालन जिथं काम चाललं असेल तिथं स्टूल नेऊन बसायची. बोळात पट्टी कुठं लावायची ह्यावर तिचं आणि दस्तगीरचं वाजलं. तो म्हणत होता छताला. तिला खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर पाहिजे होती.

"उजेड पायाला पाहिजे," ती म्हणाली. "डोक्याला नको. हे रात्री उठतात, मला जाग येईल म्हणून ट्यूब लावत नाहीत, आणि शिलाई मशीनवर जाऊन आपटतात. करंगळीचं नख दोनदा गेलंय."

"मशीन हलवूया मग," दस्तगीर म्हणाला.

"मशीन हलवायचं नाही."

"आणि बटण?"

"डावीकडं. उजवीकडं मशीन आहे, हात पोचत नाही."

बाथरूमजवळ डावीकडं, कारण उजवीकडं नळाचं पाणी उडतं. पलंगाजवळ माझ्या बाजूला डाव्या हाताशी, कारण तिच्या बाजूला कपाट आहे. प्रत्येक ठिकाणी तिच्याकडं कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारण खरं होतं. दस्तगीरनं नाद सोडला.

ह्या पट्ट्या घरातल्या करंटवर थेट चालत नाहीत. मध्ये एक चपटी डबी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. दस्तगीरनं मालनला समजावून सांगितलं, "ह्या तोंडातून घरातला करंट आत जातो, आणि ह्या तोंडातून कमी होऊन बाहेर येतो. पुढं पट्टीला चोवीस व्होल्टच. हात लागला तरी मुंगीसुद्धा चावणार नाही."

"आणि अलीकडं हात लागला तर?"

"अलीकडं हात लावायचा नाही काकू. मेन बंद केल्याशिवाय तर नाहीच."

"डबी किती वर्षं टिकते?"

"दोन वर्षांची गॅरंटी आहे. पुढं नशीब."

"गेली की कोण बदलणार?"

"मी आहे की."

"तू उद्या दुबईला गेलास म्हणजे? तुझा भाऊ गेला तसा." मालन माझ्याकडं वळली. "अहो, तुम्ही शिकून घ्या. नुसता घोडा काय धरून बसलाय."

दस्तगीरला डब्या माळ्यावर ठेवायच्या होत्या, म्हणजे दिसत नाहीत. मालननं त्या दाराच्या चौकटीवर, हात वर केला की पोचेल अशा फळीवर ठेवायला लावल्या. हात माझा. तिचा तिथं पोचत नव्हता. "उंच माणूस घरात आहे तर त्याचा उपयोग करून घ्यायला पाहिजे," ती म्हणाली.

मी शिकलो. मेन बंद करायचा, टेस्टर लावून बघायचं, मग हात घालायचा. लाल वायर प्लसला, काळी मायनसला, उलटी लावली तर पट्टी लागत नाही. जन्मभर लोखंड कापलेल्या माणसाला हे काम म्हणजे पोरखेळ वाटला, पण मला ते आवडायला लागलं. हात कामात असले की डॉक्टरांचं वाक्य आठवत नसे. शेवटच्या दोन पट्ट्या मी एकट्यानं जोडल्या.

"काका, डावरे काय तुम्ही?" दस्तगीर माझ्या हातातल्या पेचकसाकडं बघत म्हणाला.

"आता दिसलं तुला?" मालन म्हणाली. "सासूबाईंनी ह्यांच्या डाव्या हाताला चटके द्यायचे बाकी ठेवले होते. जेवतात तेवढे उजव्या हातानं. बाकी सगळं डावं. लग्नात मला कुंकू लावायला डावा हात काढला. भटजी ओरडला, सगळा मांडव हसला."

"मग कुठल्या हातानं लावलं?"

"उजव्या. निम्मं नाकावर पडलं."

"लेथ मशीन उजव्यांसाठीच बनवलेलं असतंय," मी म्हणालो. "तरी कधी माल रिजेक्ट झाला नाही माझा."

"देवाला मात्र चालत नाही," मालन म्हणाली. "प्रसाद घ्यायला अजून डावा हात पुढं येतो. मला दर वेळी सांगावं लागतं, उजवा करा, उजवा."

नवरात्र जवळ आलं तसं तिचं खाणं कमी झालं. एक आठवडा फारच वाईट गेला. त्यातच दस्तगीरनं पहिल्यांदा सगळ्या पट्ट्या लावून बघितल्या. पूर्ण उजेडात ठीक होत्या. बटण फिरवून कमी केल्या की फडफडायला लागल्या, आणि डबीतून माशी अडकल्यासारखा आवाज यायला लागला.

"दुकानदारानं साधे ड्रायव्हर दिले," दस्तगीर म्हणाला. "डिमरवर, म्हणजे ह्या फिरवायच्या बटणावर, चालणारे वेगळे येतात. बदलून आणतो. चार दिवस लागतील."

"चार दिवस कशाला?" माझा आवाज चढला. "आज जा, उद्या बसव. नवरात्राच्या आत म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"काका, एवढी काय घाई आहे? काकू काय पळून चालल्यात?"

मी घोड्याचा पाय घट्ट धरला. मालन पलंगावर पडून होती, दार उघडं होतं, तिला ऐकू गेलंच होतं. आता माझ्या तोंडावरून तिला कळणार, असं मला वाटलं. मी तिच्याकडं बघितलंच नाही.

"मी कुठं पळतेय," आतून ती म्हणाली. "हेच पळतील. घोडा धरून धरून कंटाळलेत."

दस्तगीर हसला. मग मीही हसलो. वाचलो असं वाटलं.

तरी त्यानं दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर बदलून आणले. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी सगळं पूर्ण झालं. ट्यूब बंद करून मी एकेक बटण फिरवलं. स्वयंपाकघरात ओट्यावर उजेड पसरला, भांड्यांची सावली पडेना. पलंगाच्या डोक्याशी एक पिवळी रेघ उमटली. मालन उठून भिंतीला धरत बोळात आली आणि तिथंच थांबली.

"ह्या टोकाला उजेड कमी आहे."

मला तरी फरक दिसत नव्हता. दस्तगीरनं वाकून बघितलं आणि डोकं खाजवलं. "बरोबर आहे. पट्टी लांब आहे ना, करंट शेवटापर्यंत जाता जाता कमी होतोय. पण एवढ्यानं काय बिघडत नाही काकू."

"त्याच टोकाला पायरी आहे."

त्यानं जास्त वाद घातला नाही. शेवटच्या टोकापर्यंत दुसरी वायर ओढली आणि पट्टीला दोन्हीकडून करंट दिला. तेव्हा कुठं तिनं मान हलवली. मग ती देवघराकडं वळली.

आमचं देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा. त्याच्या आत, वरच्या बाजूला छोटी पट्टी बसवली होती. मालननं बटण फिरवलं आणि उजेड इतका कमी केला की समई आणि पट्टी ह्यात फरक कळेना. मग हात जोडले. दिवेलागणीला दिवा लावला की ती हात जोडायचीच, साधी ट्यूब लावली तरी. दस्तगीर बाजूला उभा होता. त्याचा पेचकस धरलेला हात आपोआप खाली आला.

"झालं मनासारखं?" त्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "चहा घेऊन जा. आज हे करतील."

त्या दिवसापासून चहा मी करायला लागलो. नंतर भात, मग आमटी. ती स्टुलावर बसून सांगायची. "उजेड वाढवा, मोहरी जळते का बघा. आता कमी करा, उकळी दिसली की पुरे." मला वाटायचं, तिला उठवत नाही म्हणून ती मला कामाला लावते. दुखण्याबद्दल ती कधी काही विचारायची नाही. सूज उतरली का, असंसुद्धा नाही. मी सुधीरला फोनवर सांगायचो, तिला काही संशय नाही. तो म्हणायचा, तेवढं तरी बरं झालं.

संक्रांत होऊन गेल्यावर ती गेली. घरातच, दुपारी. सुधीर आणि मी दोघंही जवळ होतो.

तेराव्यानंतर सगळे आपापल्या गावाला गेले. सुधीर मला पुण्याला चला म्हणत होता. मी म्हणालो, उन्हाळ्यानंतर बघू. सून होती तोवर ती देवाला दिवा लावत होती. ती पुण्याला परतल्यावर देवघरात अंधारच राहिला. आमच्या घरात दिवा नेहमी मालननं लावला, त्याच्या आधी आईनं. मी हात जोडायला मागं उभा राहणारा माणूस. मी जेवढ्यास तेवढं करत होतो. सकाळी चहा, एकदा भात, संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचं.

एका सकाळी दूध उतू जायला आलं. मी गॅस बंद केला, आणि नीट दिसेना म्हणून न बघता हात लांब केला. बटण बोटांखाली होतं. डाव्या हाताच्या.

मी बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिलो. मग बोळात गेलो. तिथंही हात टाकला की बटण. बाथरूमचं दार, पलंग, सगळीकडं तसंच. वाफ, मशीन, नळाचं पाणी, कपाट. ती सगळी कारणं मला आठवली. मालन उजवी होती. त्यातलं एकही बटण तिच्या हाताच्या सोयीचं नव्हतं.

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, पण नवल वाटलं नाही. ती आयुष्यभर माझी सोय बघत आली होती. माझा कप ती कान डावीकडं करून ठेवायची, ते मला वीस वर्षांनी कळलं होतं. हे त्यातलंच, असं मी धरलं. फक्त देवघराचं बटण उजवीकडं होतं. तेवढं एक तिनं स्वतःसाठी घेतलं, असा मी हिशेब केला. त्याला मी हात लावत नव्हतो.

पाडव्याच्या आधी बोळातली एक डबी आवाज करायला लागली. मला ती बदलता आली असती, पण घरात बोलायला कुणी नव्हतं. मी दस्तगीरला बोलावलं. तो आला. मालनची बातमी कळली तेव्हा तो येऊन गेला होता, पण तेव्हा घरात गर्दी होती, बोलणं झालं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं काका," तो म्हणाला. "त्या दिवशी मी बोलून गेलो, काकू पळून चालल्यात काय म्हणून. मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

"तिलाच सांगितलं नव्हतं, तर तुला कोण सांगणार?"

त्यानं डबी उघडली, एक स्क्रू सैल झाला होता तो आवळला. आवाज थांबला. मी चहा ठेवला. चहा पिताना त्याचं लक्ष देवघराकडं गेलं. कोनाड्यात अंधार होता. मला वाटलं, काहीतरी सांगायला पाहिजे.

"देवघराचं बटण तेवढं डावीकडं घेऊन दे," मी म्हणालो. "आता मलाच लावायला पाहिजे. उजवा हात जमत नाही."

दस्तगीरनं कप खाली ठेवला आणि हसला. "तेच मी काकूंना म्हटलं होतं. घरातली सगळी बटणं डावीकडं आणि हे एकच उजवीकडं, असं का? इथं ना गॅस आहे ना मशीन."

"मग?"

"मग म्हणाल्या, देवापुढं तरी ह्यांचा उजवा हात लागू दे."

मी देवघराकडं वळून बघितलं.

"तेव्हा मला काय कळलं नाही," तो म्हणाला. "पेचकस धरलेला तुमचा हात नंतर बघितला, तेव्हा कुठं कळलं डावरे आहात ते."

"हे ती कधी म्हणाली?"

"पहिल्याच दिवशी. खुणा करताना. तुम्ही चहा पावडर आणायला गेला होता बघा."

पहिल्याच दिवशी. म्हणजे एकही खाच पडायच्या आधी. देवापुढं दिवा लावायला माझा हात लागणार, हे तिनं त्या दिवशी धरलेलं होतं. ती असती तर माझा हात तिथं कशाला लागला असता?

दस्तगीर उठला. "भिंत फोडायला लागेल थोडी. उद्या येऊ का?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे तिथंच."

सुधीरला मी हे सांगितलेलं नाही. आईला आपण शेवटपर्यंत कळू दिलं नाही, असं त्याला अजून वाटतं. तो कधी कधी बोलूनही दाखवतो. वाटू दे. मी पुण्याला गेलो नाही. उन्हाळ्यानंतर बघू म्हणालो होतो, ते तसंच राहिलं. डब्या दोनदा बदलल्या, दोन्ही वेळा मीच.

त्या संध्याकाळी दस्तगीर गेल्यावर मी हातपाय धुऊन कोनाड्यासमोर उभा राहिलो. डावा हात पुढं गेला. तो मागं घेतला आणि उजवा पुढं केला. बटण एकदम जास्त फिरलं. सगळा कोनाडा उजळून निघाला, देवांच्या मागची काजळीसुद्धा दिसली. मग हळूहळू कमी करत आणलं.

अजूनही पहिल्या फटक्यात जमत नाही. रोज आधी उजेड जास्त होतो. मग कमी करतो.